भुतोबांचा निरोप

"चावी बाहेर ठेवलीस का?" लंबूनं दारातच हात आडवा धरला.

"ठेवली ना," म्हणत भिंगरी त्याच्या हाताखालून आत सटकली.

ठेवली नव्हती, हे सांगायला नकोच. भिंगरी दहा वर्षांची होती आणि एका जागी थांबून एखादं काम पुरं करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मावशीच्या घराची चावी तिच्या गळ्यातल्या दोरीला तशीच लोंबत होती. दाराबाहेर पत्र्याचा एक ट्रे ठेवलेला असे. आत जाताना प्रत्येकानं किल्ल्या, पिना, पट्टे, जे काही लोखंडी असेल ते त्यात काढून ठेवायचं, असा तिथला कडक नियम होता. कारण आत एक अजस्र विजेचं चुंबक होतं आणि ते चालू असताना कुणाच्या खिशातला खिळासुद्धा सोडत नसे.

लंबू हा भिंगरीचा मोठा भाऊ. दोघं सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मावशी शास्त्रज्ञ होती आणि खाणीच्या तोंडाशी असलेल्या या लांबट खोलीत तिचं काम चाले. त्यांच्याबरोबरची तिसरी म्हणजे बारकी. ती शेजारच्या कामगार वस्तीत राहायची, तिचे बाबा खाणीच्या तळाशी पाणी उपसणारे पंप सांभाळायचे. बारकी वर्गात सगळ्यांत लहानखुरी होती, पण एखादी गोष्ट मनात घेतली की तिला तिच्यापासून हलवणं भल्याभल्यांना जमत नसे.

आत सर यंत्रापुढे उभे होते. सर म्हणजे या सगळ्या प्रयोगाचे प्रमुख. हुशार माणूस, पण घाई फार आणि स्वतःवरचा विश्वास त्याहून जास्त.

"आधी चुंबक, मग प्रकाश," सर नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी दोन बटणं एकापाठोपाठ दाबली. मग एका लहान पट्टीवर बोटानं टकटक करत एक शब्द पाठवला. एक छोटी टक, एक लांब टक, असे ठरलेले ठोके. थोड्याच वेळात शेजारच्या ऑफिसातला जुना टेलिफोन खणखणला आणि सरांनी जाऊन तो उचलला. खाणीच्या तळाशी मावशी दुसऱ्या यंत्राजवळ बसलेली होती.

"आला," मावशीचा आवाज इतका मोठा होता की तो दारापर्यंत ऐकू आला. "शब्द बरोबर आला, सर."

सरांनी स्वतःचीच पाठ थोपटायचं तेवढं बाकी ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या खाणीच्या मॅनेजरांशी त्यांनी जोरात हात मिळवला.

"उद्या पाहुण्यांसमोर एवढं झालं की संपलं," मॅनेजर म्हणाले. "मग संध्याकाळीच ती टेलिफोनची तार काढून गुंडाळून टाकतो. दर आठवड्याला कुठे ना कुठे ओल लागते, माणसं दुरुस्तीत अडकून पडतात. नुसता ताप झालाय डोक्याला."

बारकी वळली आणि दाराकडे चालू लागली.

तिघं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. बारकी खाणीत उतरणाऱ्या तारेकडे बघत होती.

"काय झालं गं?" लंबूनं विचारलं.

"ती तार," बारकी म्हणाली. "गेल्या वर्षी तळाशी भिंत फुटून पाणी शिरलं ना, तेव्हा बाबांनी त्या फोनवरून वर कळवलं. वरून माणसं ओढून घ्यायचे पाळणे सोडले म्हणून सगळे बाहेर आले. तार नसती तर..."

"पण आता मावशीचं यंत्र आहे की," लंबू म्हणाला. "तार ओली होते, तुटते. भुतोबांना ओल लागत नाही."

भुतोबा हे नाव भिंगरीनं ठेवलं होतं. मावशीनं मुलांना सगळं समजावून सांगितलं होतं. आकाशातले ताऱ्यांचे मोठमोठे समूह ज्या वेगानं फिरतात, तो वेग नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला झेपणाराच नाही. ते केव्हाच विखरून गेले असते. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं असं काहीतरी जगात आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय ते अजून कुणालाच ठाऊक नाही, पण काहींना वाटतं की ते अगदी हलक्या, लाजऱ्या कणांचं असावं. त्या लोकांचा अंदाज असा की तीव्र प्रकाश मोठ्या चुंबकातून सोडला तर त्यातला थोडासा या कणांत बदलेल. हे कण भिंत, डोंगर, समुद्र, सगळ्यांतून अडथळा नसल्यासारखे पार जातील. पलीकडे दुसरं चुंबक ठेवलं की त्यातले काही पुन्हा प्रकाश होतील. प्रकाश थांबवत, सोडत राहिलं की झाला निरोप. रेडिओ खडकात गुदमरतो, पण हे गुदमरणार नाहीत. आज खाणीत, उद्या पाणबुडीत, परवा चंद्राच्या पाठीमागे. एवढं बोलताना मावशीचे डोळे असे चमकायचे की भिंगरीसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायची.

आता मात्र भिंगरी दोरीला धरून चावी गरगर फिरवत होती.

"तू चावी आत नेली होतीस!" लंबू ओरडला.

"नेली तर नेली. काही झालं का? गेल्या खेपेला केवढी ताणली गेली होती, मावशीनं मला मागं खेचलं म्हणून बरं. आज मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. चावी बिचारी गप्प लोंबत होती."

"जवळ म्हणजे किती जवळ?"

"अगदी हाताच्या अंतरावर. सर टकटक करत होते तेव्हाच."

बारकीनं मान वर केली. "टकटक करत असताना चावी ओढली गेली नाही? नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. मी वाट बघत होते ना."

"म्हणजे चुंबक बंद होतं," बारकी सावकाश म्हणाली. "चुंबक बंद, तर भुतोबा तयारच होणार नाहीत. मग निरोप खाली पोचला कसा?"

लंबू पायरीवरून उठला.

तिघं पुन्हा आत शिरली. या वेळी चावी ट्रेमध्ये गेली. सर आणि मॅनेजर ऑफिसात चहा घेत होते. यंत्राच्या मागच्या बाजूला भिंतीवर चुंबकाच्या विजेचा मोठा खटका होता. तो खाली पडलेला होता. खाणीतले सगळे पंप एकदम चालू झाले की वीज कमी पडायची आणि हा खटका पडायचा, हे बारकीला बाबांकडून माहीत होतं. खटक्यावर एक छोटा दिवाही होता, चुंबक चालू असल्याची खूण दाखवणारा. पण तो केव्हाच जळून गेला होता आणि नवा बसवायला कुणाला सवड झाली नव्हती. विझलेला दिवा बघायची सगळ्यांना सवय होऊन गेली होती.

"सर," बारकीनं ऑफिसच्या दारात उभं राहून सांगितलं, "मघाशी चुंबक बंद होतं. खटका पडलाय."

सर उठून आले, त्यांनी खटका पाहिला आणि वर केला. "आत्ताच पडला असेल. निरोप गेला त्या अर्थी तेव्हा चालूच होतं."

"पण भिंगरीची चावी..."

"चावीवरून विज्ञान चालत नाही, बाळ," सर हसून म्हणाले. मॅनेजरही हसले. "जा, खेळा बाहेर. उद्या मोठा दिवस आहे."

बाहेर आल्यावर लंबू चिडून म्हणाला, "निरोप गेला म्हणून चुंबक चालू होतं, आणि चुंबक चालू होतं म्हणून निरोप गेला. गोल गोल फिरायला भिंगरी काय कमी आहे?"

भिंगरीला हसू आलं, पण बारकीला नाही. तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. "बाबा परवा म्हणाले होते, हल्ली फोनमध्ये मधूनच टकटक ऐकू येते. आईला वाटलं, तारेत पाणी गेलं असेल."

"कसली टकटक?"

"तेच बघायचंय."

दुपारी सरांनी पुन्हा सराव करायचं ठरवलं. मावशी अजून खालीच होती. तिघं ऑफिसात शिरली. मॅनेजर जेवायला घरी गेले होते. बारकीनं टेलिफोनचा रिसीव्हर उचलून लंबूच्या कानाला लावला, कारण ठोक्यांची भाषा तिघांत त्यालाच येत होती. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "आधी चुंबक, मग प्रकाश."

लंबूचा चेहरा एकदम बदलला. तो बोटानं टेबलावर ठोके मोजत राहिला. मग त्यानं रिसीव्हर खाली ठेवला.

"नमस्कार," तो म्हणाला.

"कुणाला नमस्कार?" भिंगरीनं विचारलं.

"सरांनी आत्ता पाठवलेला शब्द. नमस्कार. मला फोनमध्ये अक्षर न् अक्षर ऐकू आलं."

मग त्यांनी तारेचा माग काढला. ऑफिसातून निघालेली तार यंत्राच्या खोलीच्या मागच्या भिंतीवरून जात होती. प्रकाशाला वीज पुरवणारी मोठी पेटी नेमकी त्याच भिंतीला टेकलेली होती, तारेला जवळजवळ खेटून. तिथून तार बाहेर एका लहान डबीत यायची आणि डबीतून पुढे खाणीत उतरायची. खाली ती कुठे जाते, ते बारकीला माहीत होतं. तळाशी कोरडी भिंत एकच होती. टेलिफोन त्याच भिंतीवर होता आणि मावशीचं यंत्रही तिथंच मांडलेलं होतं.

संध्याकाळी मावशी वर आली तेव्हा त्यांनी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. मावशीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकता ऐकता ती पायरीवर बसली.

"म्हणजे पेटीतले विजेचे झटके तारेत शिरतात," ती म्हणाली, "आणि खाली तारेतून माझ्या यंत्रात. असं होऊ शकतं. आम्ही प्रकाश बंद करून पाहिला होता, तेव्हा निरोप थांबला. म्हणून आम्हाला वाटलं, जिंकलो. नुसतं चुंबक बंद करून बघू या असं मी सरांना म्हटलं होतं. ते म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत, मग."

"मग आता सांग ना त्यांना," बारकी म्हणाली.

"तारेत टकटक ऐकू येते म्हणजे यंत्रही तीच ऐकतं, असं सिद्ध होत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल. तार काढून बघितल्याशिवाय..." मावशीनं डोळे चोळले. तिचा आवाज थकलेला होता. "इतकी वर्षं यात घातलीत गं. सर ऐकतील असं वाटत नाही. पाहुणे गेले की मी निवांत बोलते."

"पाहुणे गेले की तार गुंडाळणार आहेत," बारकी म्हणाली. "उद्या दुपारच्या पाळीला माझे बाबा खाली असणार."

मावशी उठून आपले कागद गोळा करू लागली. ती घाबरली होती, हे भिंगरीलाही कळलं.

घरी परतताना बारकी वाटेत मध्येच थांबली. "तार काढूनच बघायचंय ना? मॅनेजरसाहेबांना तरी दुसरं काय करायचंय? त्यांना फक्त थोडी घाई करायला लावायची."

"आणि सर?" लंबूनं विचारलं.

"सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. ते काम भिंगरीचं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. खुर्च्या मांडल्या गेल्या, फोटो निघाले. सकाळची पाळी संपून सगळे कामगार वर आले होते आणि दुपारची पाळी खाली उतरायची होती. बारकीनं ही वेळ पुन्हा पुन्हा तपासून घेतली होती. या वेळेत खाली मावशी आणि तिच्या मदतीला लंबू, एवढेच दोघं होते. त्यांच्यासाठी पाळणा तळाशी थांबवून ठेवलेला होता. बारकीचे बाबा इतर कामगारांबरोबर डोक्याला दिवा बांधून दारात उभे होते.

सरांचं भाषण संपलं तशी भिंगरी पुढे झाली. वेणीला नवी रिबीन आणि चेहऱ्यावर एवढा साळसूदपणा की तिच्या आईनंही तिला ओळखलं नसतं.

"सर, तुमचं यंत्र तारेपेक्षा भारी आहे ना?"

"अर्थात," सर म्हणाले. पाहुणे हसले.

"मग तार सोडून दाखवा ना. नाहीतर पाहुण्यांना वाटेल, निरोप गुपचूप तारेतूनच गेला."

पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "मुलगी बरोबर बोलते आहे. तसं केलं तर कुणाला शंकाच उरणार नाही."

"साहेब, तुम्ही तार आज काढणारच आहात," बारकी मॅनेजरांना म्हणाली. "डबीतले दोन स्क्रू सोडले की झालं. निरोप पोचला तर परत जोडायचीही गरज नाही."

मॅनेजर खूश झाले. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "उत्तम! मीच हे सुचवणार होतो."

त्यांनी फोनवरून मावशीला कळवलं. मग मावशी म्हणाली, "सोडा. मी जे येईल ते लिहून घेऊन वर येते."

मॅनेजरांनी स्वतः डबी उघडली आणि तार सुटी केली. बारकीनं बाबांकडे पाहिलं. बाबा त्या सुट्या तारेकडे बघत होते.

"आधी चुंबक, मग प्रकाश," सर म्हणाले. या वेळी भिंगरीनं सगळ्यांसमोर, दुरूनच, दोरीला टांगलेली चावी वर धरली. चावी यंत्राच्या दिशेनं ताठ उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळ वाटला, पण चुंबक चालू असल्याला आता पन्नास साक्षीदार होते. पाहुण्या बाईंनी एका कागदावर शब्द लिहून सरांना दिला. सरांनी तो पाठवला. पुन्हा पाठवला. आणि मग सगळे वाट बघत बसले.

पाळणा वर यायला नेहमीएवढाच वेळ लागला, पण बारकीला तो संपता संपेना. मनातून तिलाही वाईट वाटत होतं. मावशीचे भुतोबा खरंच आले असते तर किती छान झालं असतं, असंही तिला वाटून गेलं. पण खोट्या भुतोबांच्या भरवशावर बाबांना खाली पाठवायला ती तयार नव्हती.

मावशी दारातून आत आली. तिच्या मागे लंबू होता, मान खाली घालून.

"कोणता शब्द आला?" सरांनी उत्साहानं विचारलं.

"काहीच नाही," मावशी म्हणाली. तिनं कोरा कागद सगळ्यांना दिसेल असा धरला.

"काहीतरी आलंच असेल. अंधुक, अर्धवट?"

"नाही, सर. एक ठोकासुद्धा नाही." मावशीनं कागद टेबलावर ठेवला. "आता तार परत जोडू या. खटका पाडून चुंबक बंद करू या आणि पुन्हा पाठवू या. मॅनेजरसाहेब, तुम्ही तेवढा फोन कानाला लावा."

तार जोडली गेली. सरांनी मुकाट्यानं पट्टीवर टकटक केली. मॅनेजर फोन कानाला लावून उभे होते. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"हे तर सगळं तारेतूनच चाललंय," ते म्हणाले. मग त्यांना आपण काय करणार होतो ते उमगलं असावं. त्यांनी दारातल्या कामगारांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "आणि मी आज हीच तार काढणार होतो. तार गेली असती, तिच्याबरोबर निरोपही गेला असता. आणि हे कळलं असतं कधी, तर खाली पाणी शिरल्यावर."

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बारकीला जवळ बोलावलं.

"तुला हे कालच कळलं होतं. मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, सर," बारकी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बाहेर जाऊन खेळा."

सरांचे कान लाल झाले. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. ते उठले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकलं. या तिघांनी आज माझी लाज राखली, आणि त्याहून मोठं म्हणजे खालच्या माणसांचा जीव राखला." मॅनेजरांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, तार जागेवर राहील आणि पुढच्या आठवड्यात तिच्या जोडीला दुसरी, नवी तार पडेल.

पाहुण्या बाई मावशीला म्हणाल्या, "मग तुमचा प्रयोग फसला म्हणायचा?"

"आज पहिल्यांदा नीट झाला," मावशी म्हणाली. "इतके दिवस आम्हाला खोटं 'आलं' मिळत होतं. आज खरं 'काही नाही' मिळालं. यावर काम करता येतं. हे कण असतील तर ते याच्याहून लाजरे आहेत, एवढं कळलं. आता यंत्र दुसरीकडे हलवू, तारेपासून लांब, आणि पुन्हा शोधू." मग तिनं बारकीच्या खांद्यावर हात ठेवला. "काल मी घाबरले होते आणि तू नाही. असं कुणीतरी माझ्या प्रयोगशाळेत असायला हवं. मोठी झालीस की ये."

"आणि मी?" भिंगरीनं विचारलं.

"तू आलीस तर मला यंत्र जमिनीला बांधून ठेवावं लागेल," मावशी म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच हसली.

दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. बाबांनी सगळ्यांदेखत बारकीला शाबासकी दिली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पाळण्यात चढले. पाळणा खाली गेला.

पाहुणे गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या. लंबू आणि भिंगरी बारकीला घरी चल म्हणून ओढत होते, पण ती ऑफिसातून हलायला तयार नव्हती. ती टेलिफोनसमोर स्टुलावर बसून राहिली. शेवटी तो खणखणला. मॅनेजरांनी उचलायला हात पुढे केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"पोचलो," बाबांचा आवाज आला. "पंप ठीक आहेत. पाणी नेहमीएवढंच आहे." मग ते म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? जा, आधी जेवून घे."

दोन दिवस जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, त्या बारकीला आता रडू आवरेना. रडत रडतच ती म्हणाली, "जेवते, बाबा. तुम्हाला ऐकू येतंय ना मी बोलते ते?"

"अगदी स्पष्ट," बाबा म्हणाले.